भरलेली घागर

चिरंजीव मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी कथकाच्या वर्गात तू पनघटाची गत, म्हणजे पाणी भरायला जाण्याचा मूक अभिनय केलास, तेव्हा लय नेमकी होती आणि चालही डौलदार होती. मात्र यमुनेकडे जाताना आणि तिथून परतताना तुझी कल्पनेतली घागर सारखीच हलकी दिसली. भरलेली घागर कमरेवर आली की दुसरा हात तोलासाठी आपोआप बाहेर जातो, पाऊल सावकाश पडते आणि नजर वाटेवरचा दगड आधीच हेरते. मोबाइलवरच्या चित्रफितीत तुला हे सापडले नाही, कारण तू तिथे फक्त हात कुठवर गेला तेवढे पाहत होतीस.

वारसा जपायचा म्हणजे जुन्या बंदिशी जशाच्या तशा पाठ करायच्या का, असे तू विचारलेस. पाठांतर हवेच, त्यात सूट नाही. पण ‘कथक’ हे नावच कथा सांगणाऱ्याचे आहे. सुरुवातीची काही वर्षे मीही चक्कर म्हणजे गिरक्या आणि तिहाया म्हणजे तीनदा घेऊन समेवर येणारे बोल यांवरच भर दिला, कारण टाळ्या तिथेच पडतात; त्या तुकडीतल्या मुली आजही चक्कर सफाईने घेतात, परंतु यशोदेचा राग लटका आहे हे त्यांना दाखवता येत नाही. तो दोष माझा. आपल्या पुण्यात १९४७ मध्ये नृत्यभारती सुरू करणाऱ्या रोहिणी भाटे यांना लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांची तालीम लाभली होती, तरी मिळाले तेवढेच पुढे देऊन त्या थांबल्या नाहीत. कालिदासाचे ऋतुवर्णनही त्यांनी कथकात आणले.

सदाशिव पेठेतल्या नारद मंदिरात जाऊन एक कीर्तन पूर्ण ऐक. पूर्वरंगातले निरूपण जड वाटेल, तरी मध्येच उठू नकोस (तुझी ती सवय मला ठाऊक आहे). उत्तररंगात आख्यान लागले, की बुवा उपरण्याचे टोक खांद्यावर ओढून द्रौपदी होतात आणि पुढच्याच वाक्याला दुःशासन. आपण गतभावात, म्हणजे अभिनयाने कथा सांगताना, पलटा घेऊन (वळून) यशोदेवरून कृष्ण होतो, तेच हे काम. ते कुठे थांबतात आणि किती वेळ थांबतात, तेवढे नीट पाहा.

घरी गेल्यावर ते आख्यान आजीला तोंडी सांग, आणि एखादा प्रसंग तिने वेगळा ऐकलेला असेल, तर वाद न घालता तोही लिहून घे. पुढच्या रविवारी घुंगरू बांधण्याआधी मी ते तुझ्याकडून ऐकेन. घरात पितळी कळशी असेल तर घेऊन ये. इथल्या नळावर भरू.

तुझी,
ताई