खेड्यातली गरिबी राजकारण्यांना दिसत का नाही?

तुम्ही विचारलंय की शहरापेक्षा खेड्यात मतदान जास्त होतं, गरीबही तिथे जास्त, मग शेतकऱ्याच्या गरिबीकडे राजकारणाचं दुर्लक्ष का? यातला 'शेतकरी' शब्द मला पटला नाही. शेतकऱ्यावर राजकारण बोलतं की. 2017 ला दीड लाखापर्यंतची कर्जमाफी झाली, 2019 ला दोन लाखांपर्यंतची. ज्याच्या नावावर सातबारा नाही आणि बँकेत खातं असून कर्ज नाही, त्याला यातलं काय मिळालं? माझ्या आईवडिलांवर कर्ज होतंच, पण मुकादमाच्या उचलीचं, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराने हंगामाआधी दिलेल्या आगाऊ पैशांचं. उचल माफ करू असं एकाही जाहीरनाम्यात मी वाचलेलं नाही.

मी बीड जिल्ह्यातला, ऊसतोड कामगाराचा मुलगा. दिवाळी झाली की आमचं अर्धं गाव रिकामं व्हायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल फिटेपर्यंत सांगली-कोल्हापूरकडचे फड, म्हणजे तोडणीला आलेली उसाची रानं, थेट मार्च-एप्रिलपर्यंत. आजीजवळ राहून मी शिकलो.

2017 ला आमच्याकडे जिल्हा परिषदेचं मतदान 16 फेब्रुवारीला होतं, म्हणजे साखर कारखान्यांचं गाळप ऐन भरात असताना. गावातली मतं तर फडावर. मग एका उमेदवाराच्या माणसांनी क्रूझर ठरवल्या आणि माणसं आणायला निघाले. फड कुठे पडलाय ते मला ठाऊक होतं म्हणून मलाही बसवलं. मलाही जायचंच होतं, आईला बघून तीन महिने होऊन गेले होते. रात्रभर गाडी चालली. पोचलो तेव्हा थंडी मी म्हणत होती, कोप्यांपुढे, म्हणजे आमच्या तात्पुरत्या झोपड्यांपुढे, चुली पेटलेल्या. आई भाकरी थापत होती आणि शेजारी धाकटी बहीण पाचटावर गोधडी घेऊन झोपलेली. बहिणीचं नाव गावच्या शाळेच्या हजेरीत होतं.

मुकादम म्हणाला, "जा, पण खाडा धरीन." खाडा म्हणजे त्या दिवसाचे कोयत्यामागे पाचशे रुपये उचलीत वाढणार. गाडीत बसताना उमेदवाराच्या माणसाने प्रत्येक जोडीच्या हातात पाचशेच ठेवले. त्याला हिशेब माहीत होता.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगतोय, कारण माझे थोरले मेहुणे गेली कित्येक वर्षं प्रत्येक लग्नाकार्यात एकच वाक्य ऐकवतात: "गरीब पाचशेत मत विकतो, मग पुढारी त्याला कशाला विचारील?" दाजी, ते पाचशे उमेदवाराकडून निघाले आणि मुकादमाच्या हिशेबात जमा झाले. माझ्या आईला त्यातून चहासुद्धा सुटला नाही. तुम्हाला पुण्यात मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी मिळते, तेव्हा तुम्ही मत विकलं असं कोणी म्हणतं का?

मतदान केंद्राबाहेर उमेदवार हात जोडून उभा होता. आई सरळ त्याच्यापाशी गेली. म्हणाली, "दादा, अर्धं साल आम्ही तिकडंच असतो. लेकरांची शाळा बुडती, बायांना आडोसा नाही. तिकडं काहीतरी करा." तो नम्रपणेच बोलला, "मावशी, तो विषय तिकडच्या आमदाराचा." आणि तिकडे कारखान्याच्या माणसाने तिला आधीच सांगितलेलं होतं, "तुम्ही बीडचे, तुमच्या पुढाऱ्याला सांगा."

तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर एवढंच आहे. हा गरीब जिथे राबतो तिथे त्याचं मत नाही, आणि जिथे मत आहे तिथे वर्षातला निम्मा काळ तो नसतो. कायदासुद्धा तसाच. 1979 चा स्थलांतरित मजुरांचा कायदा 2025 पर्यंत होता, तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी केलेला. बीडहून बेळगावला गेलात तर त्यात बसायचात, कोल्हापूरला गेलात तर नाही. 2024 ची विधानसभाही बघा. गाळप 15 नोव्हेंबरला सुरू करायचं ठरलं आणि मतदान 20 ला.

शिवाय मालक कोण? कितीतरी कारखान्यांचे चेअरमन स्वतः आमदार, मंत्री किंवा त्यांच्या घरातले. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, केंद्र सरकार दरवर्षी जाहीर करतं, त्यावर जयसिंगपूरला ऊस परिषद भरते, रस्ते अडवले जातात. तोडणीच्या दराचा करार मात्र तीन-तीन वर्षांचा. 2024 च्या जानेवारीत 34 टक्के वाढ मिळाली, तीही संपाच्या इशाऱ्यानंतर, आणि ठरली नेत्यांच्या बैठकीत. तोडणाऱ्या बाईला त्या टेबलाशी खुर्ची कधीच नसते. कोयत्यात निम्मा हात तिचा असून हिशेब नवऱ्याच्या नावावर.

काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहं सुरू झाली आहेत. लाडकी बहीणचे पंधराशे आईला फडावर असतानाही मिळाले, कारण ते तिच्या खात्यावर येतात. अंगणवाडी, शाळा, दवाखाना गावाला बांधलेले आहेत, ते तिच्यामागे जात नाहीत. मी फक्त आमच्याकडचं सांगितलं. नंदुरबारचा किंवा मेळघाटचा माणूस कदाचित वेगळं सांगेल, त्यालाही विचारा.

तुम्हाला काही करायचंच असेल तर मतदान वाढवा म्हणणाऱ्या मोहिमांत वेळ घालवू नका. जानेवारी 2023 मध्ये निवडणूक आयोगाने बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी दूरस्थ मतदान यंत्र पक्षांना दाखवायला बोलावलं होतं. बऱ्याच विरोधी पक्षांनी हरकत घेतली आणि विषय तिथेच राहिला. तुमच्या भागातला उमेदवार दारात आला की त्याचा पक्ष तेव्हा काय म्हणाला होता ते विचारा. आणि दाजी, तुम्ही भाडेकरार जोडून पुण्याच्या यादीत नाव घातलंत, चांगलं केलंत. कोपीचा करार कोणी करून देत नाही, म्हणून आई अजून गावच्याच यादीत आहे.