वितळणाऱ्या जमिनीत कसलं करिअर?

नमस्कार,

तुमची मुलगी अकरावी विज्ञानला आहे, आर्क्टिकमधल्या तळ्यांवर संशोधन करायचं म्हणते. रसायनशास्त्रात तिचे गुण घसरलेत, म्हणून ‘हे खूळ डोक्यातून काढून तिला इंजिनिअरिंगकडे वळवा’ असं तुम्ही लिहिलंय. गुणांची मला काळजी नाही. काळजी वाटली ती तुमच्या एका ओझरत्या वाक्याची: उपग्रहाच्या चित्रांवरून सायबेरियातली तळी टिपलेली तिची वही तुम्ही काढून घेतलीत. ती वही आजच परत द्या.

कुणी न सांगता वेगवेगळ्या वर्षांची चित्रं शेजारी ठेवून कुठलं तळं पसरलं, कुठलं नाहीसं झालं हे नोंदवणारी मुलगी अभ्यास टाळत नाहीये. संशोधक लँडसॅट या उपग्रहमालिकेच्या १९७२ पासूनच्या चित्रांवर नेमकं हेच काम करतात. आणि तुम्हीच दिलेल्या तारखा पुन्हा बघा. वही गेली दिवाळीच्या आधी, गुण घसरले दिवाळीनंतरच्या चाचणीत. दोष वहीचा कसा?

‘सगळं वितळलं की विषयच संपेल, मग नोकरी कुठली?’ हा तुमचा प्रश्न मात्र मुळातच चुकीच्या समजुतीवर उभा आहे. पर्माफ्रॉस्ट म्हणजे बर्फाचा डोंगर नव्हे, ती वर्षानुवर्षं गोठलेली जमीन आहे. वातावरणात आज जितका कार्बन आहे, त्याच्या जवळपास दुप्पट तिच्यात कुजायचा राहिलेला आहे. जमिनीतला बर्फ वितळला की ती खचते, खड्ड्यात पाणी साचून तळं होतं, आणि तळ्याखालची माती मग हिवाळ्यातही गोठत नाही. तिथे प्राणवायूविना जगणारे सूक्ष्मजीव तो जुना कार्बन खाऊन मिथेन सोडतात. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. २००६ मध्ये केटी वॉल्टर या संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की उत्तर सायबेरियातल्या अशा तळ्यांतला ९५ टक्के मिथेन बुडबुड्यांनी बाहेर पडतो आणि तो आधीच्या अंदाजाच्या पाचपट असू शकतो. पुढे काही तळी फुटून रिकामी होतात, तिथे गवत उगवतं, जमीन पुन्हा गोठूही शकते. कुठे किती कार्बन सुटेल आणि किती परत अडकेल, हा हिशेब अजून पुरा झालेला नाही. वितळणं वाढेल तसं हे काम वाढणार आहे.

तिलाही एक गोष्ट स्पष्ट सांगा. तळ्यावरचा बर्फ फोडून वायू पेटवण्याचे व्हिडिओ तिने पाहिलेत, पण बहुतेक दिवस जातात ते संख्याशास्त्र, प्रोग्रॅमिंग आणि प्रयोगशाळेत. बुडबुड्यातला कार्बन कालचा की हजारो वर्षांपूर्वीचा, हे रसायनशास्त्रच सांगतं. त्या विषयाकडे तिला या वाटेने जाऊ द्या, क्लास वाढवून नव्हे.

परीक्षा तुम्हाला ठाऊक आहेतच: आयसर या विज्ञान संशोधन-शिक्षण संस्थांची प्रवेश परीक्षा, नाहीतर चांगल्या कॉलेजात बी.एस्सी. ‘मुलीला इतक्या लांब कोण पाठवणार’ म्हणता, तर आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या बेटांवर भारताचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र २००८ पासून आहे. पीएच.डी.ला वर्षं लागतात, कायमच्या जागा थोड्या असतात. पंचविशीत पक्का पगार हवा असेल तर ही वाट नाही, आणि हे तिला आत्ताच कळायला हवं. खचत्या जमिनीवर रस्ते आणि इमारती टिकवायला इंजिनिअरही लागतात. ती वाट तिला आपणहून आवडली तर उत्तम. पण ‘तुझंही राहिलं, माझंही राहिलं’ अशी तडजोड म्हणून ती पुढे करू नका.

तुमच्या चार पानी पत्रात तिचं स्वतःचं एकही वाक्य नाही. तिला वेगळं लिहायला सांगा, आणि ते पत्र आधी वाचायला मागू नका.