पशुवैद्यांना विचारा : बोकडं काठमांडूला न्यावीत का?

प्रश्न : माझ्याकडे विकायजोगी 40 खच्ची बोकडं आहेत. मेव्हणा काठमांडूत सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात आहे. तो म्हणतो, दशैंला (नेपाळच्या दसऱ्याला) तिथं जिवंत वजनाला किलोमागे 800 रुपये मिळतात. इथं व्यापारी 450 च्या वर जात नाही. ट्रक करून न्यावीत का?
– एक वाचक, ता. आटपाडी, जि. सांगली

उत्तर : आधी मेव्हण्याला विचारा, 800 कुठले? आपले 100 म्हणजे नेपाळचे 160. म्हणजे हातात 500 येणार.

तुमचा मोह मला कळतो. आपल्याकडे घट बसले की निम्म्या घरांत मटण बंद, आणि तिकडे नेमकी त्याच दिवसांत खसीला मागणी. (खसी म्हणजे आपलं खच्ची बोकडच.) निवृत्त झाल्यावर एकदा दशैंच्या तोंडावर मी काठमांडूच्या कलंकी भागात बोकडांचा बाजार पाहिला. आपल्यासारखा पाठीवर हात फिरवून अंदाज नाही की रुमालाखाली बोटं नाहीत; बोकड सरळ काट्यावर.

तुम्ही फसाल ते या काट्यावरच. 25 किलोचं बोकड बिहारमधल्या सीमेवरच्या रक्सौलपर्यंतच्या तीन-चार दिवसांत दोन-अडीच किलो सहज उतरतं. साडेबावीस गुणिले 500, म्हणजे 11,250. इथं दारात 25 गुणिले 450, तेही 11,250! ट्रक, चारा, दलाली आणि वाटेत मेलेली जनावरं तुमच्या खिशातून.

शिवाय ती सीमा माणसांना मोकळी, बोकडांना नाही. व्यापार करारात पशुधनाला मूळ सीमाशुल्क माफ आहे, पण आरोग्य दाखला लागतो आणि सीमेपलीकडच्या वीरगंजला विलगीकरण तपासणी चुकत नाही. त्यांना धास्ती पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची. कळपातलं एक बोकड नाक गाळायला लागलं की चाळीसही अडकतात. बिहार, उत्तर प्रदेशचा व्यापारी परवडवतो, कारण त्याची वाट एका रात्रीची. शेतावरच्या पायवाटेनं नेऊन देतो म्हणणारेही भेटतील. त्यांच्या नादी अजिबात लागू नका. पलीकडच्या पर्सा जिल्ह्यात धरलेला माल सोडवायला आटपाडीहून कोण जाणार?

बोकडं ठेवा, आखाडात काढा. विकताना काटा मात्र स्वतःचा आणा. व्यापाऱ्याच्या नजरेला 25 किलोचं बोकड नेहमीच 22 चं दिसतं, आणि तुमचा खरा तोटा मला तिथं दिसतो.

मेव्हण्याकडे दशैंला एकटे जा. मोमो खाताना आत काय आहे ते विचारून घ्या, तिथं बहुधा म्हशीचं असतं.