पातीचा कांदा, ओला कांदा आणि ‘सॅलड ओनियन’

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, तेथील दुकानांत ‘सॅलड ओनियन’ या एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या जुड्या मिळतात. एकीच्या बुडाशी पातीइतकाच बारीक पांढरा दांडा असतो, तर दुसरीच्या बुडाशी लिंबाहूनही मोठा, रसरशीत पांढरा कांदा असतो. या दुसऱ्या प्रकाराला मराठीत नेमके काय म्हणावे, आणि तो घरच्या वाफ्यात बियांपासून वाढवायचा झाल्यास पाकिटावर कोणते नाव पाहून बी घ्यावे, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

पहिल्या जुडीला पातीचा कांदा म्हणावे आणि दुसरीला ओला कांदा म्हणावे, हे माझे थोडक्यात उत्तर आहे. मात्र ही दोन्ही नावे कांद्याच्या अवस्थेची आहेत, वाणाची नाहीत, आणि भगिनींचा दुसरा प्रश्न पहिल्यात अडकतो तो इथेच. आपल्याकडे एकाच वाफ्यातले एकाच वाणाचे रोप कोवळेपणी उपटले तर पातीचा कांदा, पोसल्यावर हिरव्या पातीसह काढले तर ओला कांदा आणि पात वाळू दिली तर नुसता कांदा, किंवा भेद दाखवायचाच असेल तर सुका कांदा होतो. इंग्लंडमधील बियांच्या बाबतीत मात्र प्रत्येक रोप या तिन्ही अवस्था गाठेलच असे नाही.

आधी शब्दांकडे पाहू. ‘कांद्याची पात’ आणि ‘पातीचा कांदा’ हे दोन प्रयोग पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण त्यांचे व्याकरण वेगळे आहे. ‘कांद्याची पात’ यात षष्ठी अवयव आणि अवयवी यांचा संबंध दाखवते, आणि भर पानांवर असतो. म्हणूनच पातीची भाजी किंवा पातीचा झुणका म्हटले की हिरवा भाग डोळ्यांसमोर येतो. ‘पातीचा कांदा’ यातील षष्ठी ‘शेंडीचा नारळ’ यातल्यासारखी साहचर्याची आहे. ज्याची शेंडी काढलेली नाही तो नारळ, तसा ज्याची पात काढलेली नाही तो कांदा. या अर्थाने काटेकोरपणे पाहता दुसरी जुडीही पातीचा कांदाच ठरेल. परंतु बोलीत या शब्दाने कोवळेपण सुचते, आणि भाजीवाल्याकडे पातीचा कांदा मागितला तर बुडाशी मोठा कांदा असावा अशी कोणाचीच अपेक्षा नसते. म्हणून मोठ्या कांद्याच्या जुडीसाठी हा शब्द पुरत नाही.

‘ओला कांदा’ तिथे चपखल बसतो. ओले खोबरे, ओले काजू, ओल्या शेंगा या प्रयोगांत ‘ओला’ म्हणजे पाण्याने भिजलेला नव्हे, तर ताजा, अद्याप न वाळवलेला. कांदा तयार होत आला की त्याची मान मऊ पडते आणि पात आडवी होते. यालाच शेतकरी ‘मान पडणे’ म्हणतात. त्यानंतर पाणी तोडून, कांदा काढून, पातीसह शेतात सुकवून, मग पात कापून तो साठवणुकीच्या हवेशीर चाळीत भरतात. या सुकवणीत बाहेरचे पापुद्रे कागदासारखे होतात आणि मान मिटते, म्हणून तो महिनोन्‌महिने टिकतो. हे सारे होण्याआधी, मान ताठ आणि पात हिरवी असताना उपटलेला, पण आत पुरता भरलेला जो कांदा, तो ओला कांदा. ‘हिरवा कांदा’ हा हिंदीतील ‘हरा प्याज’वरून रूढ होत चाललेला शब्दही काही वाचक सुचवतील. तो चुकीचा नाही, परंतु त्यातील रंग पातीचा आहे. बुडाशी काय आहे याविषयी तो काहीच सांगत नाही, म्हणून या कामासाठी मी त्याला पसंती देत नाही.

मोठ्या आकारावर भर द्यायचा असेल तर ‘पोसलेला ओला कांदा’ म्हणावे. ‘पोसणे’ हे क्रियापद मला फार मोलाचे वाटते. कोबी आणि लसूण यांच्या बाबतीत आपण गड्डा म्हणतो. कांद्याच्या बाबतीत मात्र ‘कांदा पोसला’ किंवा ‘कांद्याची फुगवण झाली’ असे म्हणतात, आणि वनस्पतीच्या अंगी जे घडते त्याचे ते अचूक वर्णन आहे. कांदा हे मूळ नव्हे. एकमेकांत बसलेल्या पानांचे तळ अन्न साठवून जाड होतात आणि त्यांचा कांदा बनतो. चिरलेल्या कांद्यातील मुख्य कडी म्हणजे एकेका पानाचा तळ असतो. त्यामुळे पोसण्यास आरंभ होण्यापूर्वी रोपाने जितकी अधिक आणि जितकी जोमदार पाने धरली असतील, तितका कांदा मोठा होतो.

आता इंग्रजी नावाकडे वळू. ‘सॅलड ओनियन’ हे ब्रिटनमध्ये ‘स्प्रिंग ओनियन’चेच दुसरे नाव आहे, आणि बियांच्या पाकिटांवर त्याखाली दोन वेगळ्या प्रजाती विकल्या जातात. एक आपला नेहमीचा कांदा, अ‍ॅलियम सेपा. दुसरी अ‍ॅलियम फिस्टुलोसम. जपानमध्ये ‘नेगी’ म्हणतात ती हीच. इंग्रजीत तिला ‘वेल्श ओनियन’ असेही नाव आहे, पण वेल्स प्रांताशी तिचा काही संबंध नाही. तिथे ‘वेल्श’ हा शब्द ‘परका’ या जुन्या अर्थाने आलेला आहे. ही दुसरी प्रजाती पोसतच नाही. तिला कितीही खत-पाणी दिले आणि कितीही काळ वाफ्यात ठेवले, तरी बुडाशी जाडसर दांडाच राहतो आणि शेजारी नवे फुटवे येऊन तिचे बेट तयार होते. बी पेरून महिनोन्‌महिने वाट पाहूनही कांदा धरला नाही अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा पुष्कळदा कारण हेच असते. म्हणून पाकिटाच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत छापलेले शास्त्रीय नाव वाचणे हाच ओळखण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. ‘इशिकुरा’ या जपानी नावाचे बी फिस्टुलोसमचे असते, तर ‘व्हाइट लिस्बन’ हे जुने आणि सर्वत्र मिळणारे बी सेपाचे असते. ते वाफ्यात राहू दिले तर बऱ्यापैकी पोसते, मात्र फार मोठे होत नाही.

रोप उभे असेल तर पानावरूनही अंदाज येतो. दोन्हींची पाने पोकळ नळीसारखीच असतात, पण सेपाचे पान आडवे कापले तर आतल्या बाजूस किंचित चपटे दिसते आणि फिस्टुलोसमचे जवळपास गोल दिसते. फुलांवर आल्यावर तर शंकाच उरत नाही, कारण सेपाचा फुलाचा दांडा खालच्या अर्ध्या भागात ठळकपणे फुगलेला असतो. तोवर ओला कांदा खाण्याची वेळ निघून गेलेली असते, ही गोष्ट वेगळी.

प्रजाती बरोबर निवडली तरी आणखी एक अट उरते. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांनी ती विशेष ध्यानात घ्यावी, कारण गावाकडून बी नेण्याची इच्छा अनेकांना होते. कांदा केव्हा पोसू लागेल हे मुख्यतः दिवसाच्या लांबीवर ठरते आणि उष्णता त्याला साथ देते. महाराष्ट्रातले वाण, मग ते बसवंत ७८० असो, एन-२-४-१ असो किंवा राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा शक्ती असो, सगळे लहान दिवसाचे आहेत. सुमारे अकरा-बारा तासांचा दिवस त्यांना पुरतो. नाशिकच्या अक्षांशावर वर्षातला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. लंडनमध्ये जूनमधला दिवस साडेसोळा तासांहून मोठा असतो, आणि मार्चअखेरीसच बारा तास ओलांडले जातात. आपले बी तेथे वसंतात पेरले, तर रोपाला जेमतेम काही पाने फुटली नाहीत तोच ते पोसू लागते, आणि हाती येते ती बाजारात जिला ‘गोल्टी’ म्हणतात तेवढ्या आकाराची गाठ. याउलट तेथील मोठ्या दिवसाचे, चौदा तासांहून अधिक उजेड मागणारे वाण आपल्याकडे लावले, तर पात सुंदर येते आणि कांदा धरतच नाही.

म्हणून इंग्लंडमध्ये बी निवडताना मोठ्या दिवसाचा, सौम्य चवीचा, सेपा प्रजातीचा वाण घ्यावा. ‘एल्सा क्रेग’ हा स्कॉटलंडमधील जुना वाण त्यासाठी उत्तम आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तो तेथील बागांत आहे, कांदा खूप मोठा होतो, चव मवाळ असते आणि तो फार टिकत नाही. टिकत नाही हा सुक्या कांद्याचा दोष असला तरी ओल्या कांद्यासाठी त्याची अडचण नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील ‘वाला वाला’ हाही मोठ्या दिवसाचा आणि सौम्य वाण आहे. मात्र ‘विडालिया’ या नावाला भुलू नये. ते वाणाचे नाव नाही. जॉर्जिया राज्याने १९८६ साली कायदा करून विशिष्ट भागात पिकलेल्या कांद्यापुरतेच ते राखून ठेवले आहे, आणि तिथे लावतात ते वाण लहान दिवसाचे आहेत. आपल्याकडे ‘अलिबागचा पांढरा कांदा’ म्हणताना जसे गाव, माती आणि जपून ठेवलेले बी एकत्र अभिप्रेत असते, तसेच ते नाव आहे.

‘गोड’ या विशेषणाबद्दलही एक खुलासा आवश्यक आहे. सौम्य कांदा गोड लागतो तो साखर जास्त असते म्हणून नव्हे, तर तिखटपणा देणारी गंधकयुक्त द्रव्ये कमी असतात म्हणून. म्हणूनच कमी गंधकाच्या जमिनीत तोच वाण अधिक मवाळ होतो. ‘पांढरा’ म्हणजे सौम्य, असाही समज आहे, पण निर्जलीकरणाच्या कारखान्यांसाठी पिकवले जाणारे पांढरे वाण घनांश जास्त असावा या हेतूनेच निवडलेले असतात, आणि ते कच्चे खाण्यासाठी अलिबागच्या कांद्याची जागा घेऊ शकत नाहीत.

बियांसाठी नाशिक-नगरकडे ‘उळे’ असा स्वतंत्र शब्द आहे, आणि रोपवाटिकेत बी पेरण्याला ‘उळे टाकणे’ म्हणतात. परदेशातील वाचकांना या संदर्भात सावध करणे भाग आहे: तेथील किराणा दुकानांत ‘ओनियन सीड’ म्हणून मिळणारे काळे दाणे बहुधा कलौंजीचे असतात. कलौंजी मोरवेल कुलातील आहे, कांद्याच्या नात्यातली नाही, आणि तिच्यापासून कांदा उगवण्याचा प्रश्नच येत नाही. खरे उळे काळे, कोनदार आणि सुरकुतलेले असते. त्याची उगवणशक्ती फार लवकर घटते, म्हणून दर वर्षी ताजे बी घ्यावे.

मोठा कांदा हवा असल्यास इंग्लंडमध्ये जानेवारी-फेब्रुवारीतच घरात किंवा काचघरात ट्रेमध्ये सुमारे एक सेंटिमीटर खोलीवर उळे टाकावे, म्हणजे दिवस मोठे होईपर्यंत रोपाला पुरेशी पाने येतात. एप्रिलमध्ये, थंडीचा जोर ओसरल्यावर, रोपे वाफ्यात लावावीत. आपल्याकडे शेतात साधारण १५ × १० सेंटिमीटरवर लागण करतात. मोठ्या वाणाला याहून दुप्पट मोकळीक द्यावी. रोप खोल दाबू नये, कारण कांदा जमिनीच्या वरच पोसतो. मुळे उथळ असल्याने पाणी थोडे पण वारंवार लागते, आणि तणाचा त्रास या पिकाला इतरांहून अधिक होतो. नत्र द्यायचे ते पाने वाढत असताना. पोसणे सुरू झाल्यावर देत राहिल्यास मान जाड राहते. ओला कांदा हवा असेल तर शेवटपर्यंत पाणी तोडू नये, आणि मान पडण्याची वाट न पाहता हव्या त्या आकाराला उपटावा.

शरद ऋतूत पेरून हिवाळ्यात रोपे उभी ठेवणाऱ्यांना ‘डेंगळे’ हा शब्द ठाऊक असावा. कांदा मुळात द्विवर्षायू, म्हणजे पहिल्या वर्षी पोसून दुसऱ्या वर्षी फुलणारा असल्यामुळे, पेन्सिलीएवढे जाड झालेले रोप दीर्घकाळ थंडीत राहिले की पुढच्या वसंतात पोसण्याऐवजी फुलाचा दांडा काढते, आणि हा दांडा म्हणजे डेंगळा. डेंगळा आलेला कांदा मधोमध कठीण होतो, म्हणून तो दिसताच उपटून कोवळा असतानाच खावा.

राहिला ‘सॅलड’ हा शब्द. त्यासाठी ‘कोशिंबिरीचा कांदा’ असे घडवणे मला कृत्रिम वाटते, कारण आपल्या कोशिंबिरीत सुकाच कांदा अधिक चिरला जातो. ‘कच्चा कांदा’ म्हणावे तर ‘न शिजवलेला’ हा त्याचा अर्थ पक्का आहे आणि तो कोणत्याही कांद्याला लागू पडतो. ‘तोंडी लावायचा कांदा’ हा उपयोग सांगणारा प्रयोग घरात बोलताना छान आहे. वाफ्यातल्या पाटीवर मात्र ‘ओला कांदा’ लिहून पुढे वाणाचे नाव द्यावे, आणि जी जुडी पोसणारच नाही तिच्यापुढे ‘पातीचा कांदा’ लिहावे.