इंटरलिसची भीती घालवायची तर

इंटरलिस शिकताना सुरुवातीलाच यूएमएलच्या, म्हणजे मॉडेलची रचना दाखवणाऱ्या, आकृत्या घेऊन बसू नका. मीही तेच केलं होतं, दोन आठवडे वाया गेले. इंटरलिस ही स्वित्झर्लंडची भाषा, भूमाहितीचं मॉडेल, म्हणजे डेटाची रचना, लिहिण्यासाठीची. तिच्यात लिहिलेल्या मॉडेलची .ili फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि फक्त क्लास (म्हणजे वस्तूंचे प्रकार) आणि त्यांचे गुणधर्म वाचा.

मग क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल बेकर प्लगइन टाका. मॉडेलवरून डेटाबेस बनवणारं कमांड लाइनचं आयएलआय-टू-डीबी हे साधन हे प्लगइनच पडद्यामागे चालवतं, त्यामुळे मशीनवर जावा हवंच. पहिला प्रयोग जिओपॅकेजवर, म्हणजे एकाच फाइलमधल्या डेटाबेसवर, करा. पोस्टजीआयएसचा डेटाबेस सर्व्हर लावायची घाई कशाला? तक्ते, फॉर्म, ड्रॉपडाउन सगळं मॉडेलवरून आपोआप तयार होतं.

खरी गोची वारसाहक्काची, म्हणजे इनहेरिटन्सची: एक क्लास वरच्या क्लासचे गुणधर्म घेतो. प्लगइनच्या विझार्डमध्ये ‘स्मार्ट-टू’ हा पर्याय निवडलंत तर प्रत्येक काँक्रीट (ज्याच्या प्रत्यक्ष नोंदी होऊ शकतात अशा) क्लासला स्वतंत्र तक्ता मिळतो आणि वरच्या क्लासचे गुणधर्म त्यातच उतरतात. नवख्याला हेच सोपं पडतं, असं माझं मत.

डेटाची आयात त्रुटींवर अडली, तर पडताळणी तात्पुरती बंद ठेवून डेटा आत घ्या, नकाशावर दुरुस्त करा आणि पडताळणी पुन्हा चालवा. एक्सटीएफ, म्हणजे इंटरलिसचा डेटा असलेली फाइल, हाताने दुरुस्त करायच्या फंदात मात्र पडू नका, नोंदींमधला एक दुवा तुटला की दिवसभर शोधत बसाल.