आजी शाहू महाराजांचं नाव का घेते?

प्रश्न : सक्तीचं मोफत शिक्षण २००९च्या कायद्यानं आलं ना? आजी मात्र शाहू महाराजांचं नाव घेते.

उत्तर : आजीचं खरं आहे. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३मध्ये अमरेली भागात सक्ती आणली, १९०६मध्ये संस्थानभर. गोपाळ कृष्ण गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं १९११चं विधेयक मात्र ब्रिटिशांच्या कायदेमंडळात ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं; याची हळहळ मला अजून वाटते. मग १९१७मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांचा कायदा आला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड! मी तीस वर्षं शिकवलं. सुगीत हजेरीपटावर गैरहजेरीच्या फुल्या दाटायच्या, तेव्हा त्या रुपयामागची कळकळ उमगायची. २००९चा कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला, ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. शिक्षण हा त्या मुलांचा हक्क ठरला.