आधी एक भाग, मग क्ष

सातवीतला मुलगा गुणोत्तराच्या शाब्दिक उदाहरणांपाशी अडतो, तर त्याच्याकडून तिरकस गुणाकार पाठ करून घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते मुळीच घेऊ नये.

तासगावजवळ आमचे बेदाण्याचे शेड होते. द्राक्षे रॅकवर पसरण्याआधी ज्या पाण्यात बुडवतात, त्यात दर लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर डिपिंग ऑईल घालायचे. मी सातवीत असताना एका संध्याकाळी माल तोडून आला आणि ऑईल १,२०० मिलिलिटरच उरलेले निघाले. "मग पाणी किती घ्यायचं गं, आणि पावडर किती?" वडिलांनी मला विचारले. बाराशेला पंधराने भागून मी ऐंशी लिटर पाणी आणि दोन किलो पावडर सांगितली. त्यांनी पुन्हा न विचारता पावडर काट्यावर ओतली.

त्याच महिन्यात चाचणीत उदाहरण आले: दोन भागीदारांनी नफा ३:५ या प्रमाणात वाटला, दुसऱ्याला ४,८०० रुपये जास्त मिळाले, तर एकूण नफा किती? मी लिहिले की फरक दोन भागांचा, म्हणून एक भाग २,४०० आणि आठ भाग १९,२०० रुपये. उत्तर बरोबर असूनही मला शून्य मिळाले, कारण 'क्ष मानू' लिहिले नव्हते; आणि ज्यांनी ३क्ष + ५क्ष = ४,८०० मांडले, त्यांना रीतीचे गुण मिळाले. त्यांच्या क्षची किंमत ६०० येते, वाटे १,८०० आणि ३,००० होतात आणि फरक १,२०० वरच थांबतो, हे ना मुलांनी पडताळले, ना सरांनी. भागांनी सोडवणे ही रीत नव्हे, असे ते म्हणाले. आधी एकाची किंमत काढून मग अनेकांची काढायची, ही खालच्या वर्गात शिकवलेली एकमान पद्धत मग काय होती?

म्हणून मुलाला तीन आणि पाच चौकोन काढायला लावा आणि दिलेली रक्कम एकूणाची, फरकाची की एकाच्याच वाट्याची, एवढेच विचारा. मजूर आणि दिवस यांसारख्या व्यस्त प्रमाणात मात्र हे चौकोन चालत नाहीत, तिथे गुणाकार कायम राहतो हे वेगळे शिकवावे लागेल. समीकरणही त्याला पुढे लागणारच आहे. तेव्हा त्याच चौकोनांखाली ३क्ष आणि ५क्ष लिहून दाखवा. माझ्या उत्तरपत्रिकेवर शून्याऐवजी एवढेच लिहिता आले असते.